विश्लेषण : डासावर पहिल्यांदा बोट ठेवणारे क्युबाचे डॉक्टर कार्लोस फिनले… त्यांचे नाव इतिहासात मागे का पडले?

पीतज्वर डासामुळे पसरतो, हे त्यांनी १८८१ मध्येच सांगितले. जगाला ते पटायला १९ वर्षे लागली आणि पटले तेव्हा श्रेय दुसऱ्यांच्या नावावर जमा झाले. असे का घडले?

पावसाळा सुरू झाला की महापालिकेचे कर्मचारी घरोघरी फिरू लागतात. कुंड्यांखालच्या ताटल्या, कूलर, गच्चीवरची पिंपे, कोपऱ्यात पडलेले टायर तपासतात. साचलेल्या पाण्यात अळ्या दिसल्या तर ते पाणी ओतून देतात. डेंग्यू आणि चिकुनगुन्या पसरवणाऱ्या, पायांवर पांढरे पट्टे असलेल्या एडिस इजिप्ती डासाचा हा शोध असतो. हाच डास माणसाकडून माणसाकडे रोग नेतो, असा सिद्धांत पहिल्यांदा मांडणारे डॉक्टर क्युबाचे होते. त्यांचे नाव कार्लोस हुआन फिनले. तेव्हा रोनाल्ड रॉस यांना सिकंदराबादेत मलेरिया आणि डासाचा संबंध सापडायला अजून १६ वर्षे होती.

मेक्सिको, क्युबा, प्वेर्तो रिकोपासून चिली-अर्जेंटिनापर्यंतच्या प्रदेशांत मुळे असलेल्या लोकांना अमेरिकेत लॅटिनो म्हणतात. अमेरिकेच्या जडणघडणीत आपला वाटा मोठा असूनही शाळेच्या पुस्तकांत आपली नावे सापडत नाहीत, ही त्यांची जुनी तक्रार आहे. फिनले जन्मले आणि वारले क्युबात. पण डॉक्टर झाले अमेरिकेत, आणि त्यांच्या सिद्धांताचा सर्वांत मोठा फायदाही झाला अमेरिकेलाच. त्यामुळे ही तक्रार समजून घ्यायची तर फिनले यांचे आयुष्य पाहायला हवे.

पीतज्वराची एवढी दहशत का होती?

पीतज्वर म्हणजे ‘यलो फिव्हर’. हा विषाणूजन्य आजार आहे. ताप, अंगदुखी, उलट्या यांनी सुरुवात होते. बहुतेक रुग्ण तीन-चार दिवसांत बरे होतात. उरलेल्यांचे यकृत निकामी होऊ लागते, त्वचा पिवळी पडते, रक्तस्राव होतो आणि काळ्या रंगाच्या उलट्या होतात. भारतात हा आजार पसरलेला नाही, म्हणून आपल्याला त्याची धास्ती ठाऊक नाही. आफ्रिका किंवा दक्षिण अमेरिकेतून परतणाऱ्या प्रवाशाकडे विमानतळावर लशीचे प्रमाणपत्र मागतात, तेवढाच काय तो आपला संबंध.

अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकात मात्र अमेरिका खंडातील बंदरे या रोगाने हादरत. १७९३ मध्ये फिलाडेल्फियात सुमारे पाच हजार लोक दगावले. म्हणजे शहरातील दहातला एक माणूस. १८७८ मध्ये मेम्फिस शहरात पाच हजारांहून अधिक मृत्यू झाले. लोक घरेदारे सोडून पळत. रुग्णांचे कपडे आणि अंथरुणे जाळली जात. बंदरांत जहाजे अडकवून ठेवली जात आणि व्यापार ठप्प होई. रोग कशाने होतो हेच माहीत नसल्याने उपाय सगळे अंदाजाने चालत.

हवानामध्ये तर हा रोग ठाण मांडून बसला होता. स्थानिकांना बहुधा लहानपणीच सौम्य लागण होऊन संरक्षण मिळालेले असे. बळी पडत ते नव्याने आलेले लोक: स्पेनहून उतरलेले सैनिक, मजूर, व्यापारी.

कोण होते फिनले?

फिनले यांचा जन्म ३ डिसेंबर १८३३ रोजी क्युबातील प्वेर्तो प्रिन्सिपे, म्हणजे आजच्या कामागुए शहरात झाला. वडील मूळचे स्कॉटलंडचे डॉक्टर, आई फ्रेंच वंशाची. क्युबा तेव्हा स्पेनची वसाहत होती. अकराव्या वर्षी शिक्षणासाठी त्यांना फ्रान्सला पाठवले गेले. तिथे त्यांना स्नायूंवर परिणाम करणारा आजार झाला आणि त्यातून बोलण्यात अडखळणे कायमचे मागे राहिले. पुन्हा युरोपात गेले, तर विषमज्वराने गाठले आणि शिक्षण अर्धवट टाकून परतावे लागले.

हवाना विद्यापीठात प्रवेश मिळाला नाही. मग ते फिलाडेल्फियाला गेले आणि १८५५ मध्ये जेफर्सन मेडिकल कॉलेजातून डॉक्टर झाले. तिथले त्यांचे शिक्षक जॉन मिचेल सूक्ष्मजीवांमुळे रोग होतात असे मानणाऱ्या त्या काळातील मोजक्या डॉक्टरांपैकी होते. अमेरिकेत राहून व्यवसाय करण्याची संधी सोडून फिनले मायदेशी परतले. तिथे डॉक्टरकीचा परवाना मिळवण्याच्या परीक्षेत पहिल्यांदा नापास झाले, १८५७ मध्ये पास झाले. पुढे हवानात सर्वसाधारण रुग्णांसोबत डोळ्यांचे रुग्णही ते तपासत. उरलेला वेळ मात्र पीतज्वरासाठी होता.

डासावर संशय कसा आला?

सुरुवातीची अनेक वर्षे फिनले चुकीच्या दिशेने चालले होते. हवेतील अल्कधर्मी घटकांमुळे पीतज्वर होतो असे त्यांना वाटे आणि त्यासाठी ते हवानाच्या हवेची मोजमापे घेत. मेम्फिसच्या साथीनंतर १८७९ मध्ये अमेरिकेने तज्ज्ञांचा आयोग हवानाला पाठवला. स्पेनच्या सरकारने फिनले यांना त्या आयोगासोबत काम करायला नेमले. आयोगाला कारण सापडले नाही, पण मृत रुग्णांच्या ऊतींचे सूक्ष्मदर्शकाखालचे नमुने फिनले यांना बारकाईने पाहायला मिळाले. त्यांनी हवेचा सिद्धांत तिथेच सोडून दिला.

या नमुन्यांत त्यांना रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराला इजा झालेली दिसली. त्यावरून त्यांनी तर्क केला. रोगाचे बीज रक्तात असेल, तर ते एका माणसाच्या रक्तवाहिनीतून उचलून दुसऱ्याच्या रक्तवाहिनीत सोडणारे काहीतरी हवे. देवीची लस टोचताना जशी सुई लागते, तशी निसर्गातली एखादी सुई.

मग त्यांनी उलट बाजूने पडताळणी केली. पीतज्वर उष्ण आणि दमट हवेत वाढतो, थंडीत ओसरतो, उंच डोंगरावर सहसा पोहोचत नाही. घरात राहणारा, साचलेल्या पाण्यात अंडी घालणारा एक डासही नेमका असाच वागत होता. त्याची मादी एकापाठोपाठ अनेक माणसांना चावते, हेही त्यांच्या लक्षात आले. क्युबाचे ज्येष्ठ निसर्ग अभ्यासक फेलिपे पोए यांच्याकडून त्यांनी डासाची जात ओळखून घेतली. तोच आजचा एडिस इजिप्ती.

१८८१ मध्ये काय घडले?

त्या वर्षी फेब्रुवारीत वॉशिंग्टनमध्ये आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषद भरली. क्युबा आणि प्वेर्तो रिकोच्या वतीने फिनले तिथे गेले. रुग्ण आणि निरोगी माणूस या दोघांपेक्षा वेगळा, रोग वाहून नेणारा तिसरा घटक असला पाहिजे, असे त्यांनी तिथे मांडले. तो घटक कोणता हे सांगितले नाही, कारण हातात पुरावा नव्हता.

हवानाला परतल्यावर त्यांनी प्रयोग सुरू केले. काचेच्या नळीतला डास पीतज्वराच्या रुग्णाला चावू द्यायचा आणि काही दिवसांनी तोच डास निरोगी स्वयंसेवकाच्या हातावर सोडायचा. स्पेनहून नुकतेच आलेले, रोगप्रतिकारशक्ती नसलेले सैनिक यासाठी तयार झाले. १४ ऑगस्ट १८८१ रोजी फिनले यांनी हवानाच्या विज्ञान अकादमीपुढे आपला निबंध वाचला. पीतज्वर पसरवणारा घटक म्हणून त्यात थेट डासाचे नाव होते.

सभागृहातून प्रतिसाद आला नाही. चर्चा झाली नाही, कोणी विरोधही केला नाही. पुढे वर्षानुवर्षे डासांच्या मागे लागलेले डॉक्टर म्हणून त्यांची टिंगल झाली. एक चिमुकला कीटक एवढ्या मोठ्या साथीला कारणीभूत असेल, ही कल्पनाच त्या काळात अनेकांना हास्यास्पद वाटे. डासाच्या पोटात हत्तीरोगाचे जंतू वाढतात हे पॅट्रिक मॅन्सन यांनी थोडे आधी दाखवले होते. पण चावा घेऊन डास एका माणसाचा रोग दुसऱ्याला देतो, हे कोणी म्हटले नव्हते.

मग पुरावा का पुरला नाही?

याचे उत्तर फक्त टिंगल किंवा पूर्वग्रह एवढेच नाही. फिनले यांच्या प्रयोगात खरोखरच एक त्रुटी होती, आणि ती दिवसांच्या हिशेबाची होती.

रुग्णाला चावल्यानंतर विषाणू लगेच डासाच्या लाळेत येत नाही. आधी तो पोटात जातो, तिथे वाढतो, मग लाळग्रंथींपर्यंत पोहोचतो. याला साधारण बारा दिवस लागतात. त्याआधी तो डास चावला तरी लागण होत नाही. फिनले यांचे डास बहुतेक वेळा दोन ते सहा दिवसांतच दुसऱ्याला चावत होते. शिवाय एखाद-दुसऱ्या डासाच्या चाव्याने सौम्य आजार होऊन माणसाला संरक्षण मिळेल, असा त्यांचा होरा होता. त्यामुळे धोका कमी ठेवण्याकडे त्यांचा कल होता. डॉक्टर म्हणून ते योग्यच होते. पुरावा म्हणून ते अपुरे पडले.

दुसरी अडचण अशी की हे स्वयंसेवक हवानातच राहत. त्यांच्यापैकी कोणाला ताप आला, तर तो प्रयोगातल्या डासामुळे आला की खिडकीतून आलेल्या दुसऱ्या डासामुळे, हे सांगता येत नव्हते. टीकाकारांनी नेमके याच मुद्द्यावर बोट ठेवले.

तरीही फिनले थांबले नाहीत. सहकारी डॉ. क्लाउदियो देल्गादो यांच्यासोबत त्यांनी दोन दशकांत शंभरहून अधिक लोकांवर असे प्रयोग केले. त्यात नव्याने आलेले धर्मगुरूही होते. मध्येच एका जिवाणूला रोगाचे कारण समजण्याची चूकही त्यांनी केली. डासाबद्दलचा दावा मात्र कधी सोडला नाही.

रीड यांच्या पथकाने काय वेगळे केले?

१८९८ मध्ये अमेरिका आणि स्पेन यांच्यात युद्ध झाले आणि क्युबा अमेरिकेच्या ताब्यात आला. या युद्धात गोळ्यांपेक्षा रोगांनी कितीतरी अधिक अमेरिकी सैनिक मारले. हवानात तळ ठोकलेल्या सैन्याला पीतज्वराची भीती होती. १९०० मध्ये लष्करी डॉक्टर वॉल्टर रीड यांच्या नेतृत्वाखाली चार जणांचे पथक आले: रीड, जेम्स कॅरोल, जेसी लझीर आणि अरिस्तिदेस आग्रामोन्ते. यातले आग्रामोन्ते जन्माने क्युबाचे, फिनले यांच्याच गावचे.

पथकाने आधी जिवाणूंचा माग काढला. त्यातून काही निष्पन्न झाले नाही. १९००च्या ऑगस्टमध्ये हे डॉक्टर फिनले यांच्याकडे गेले. ६६ वर्षांच्या फिनले यांनी आपले निबंध त्यांच्यासमोर ठेवले आणि सोबत डासाची अंडीही दिली. त्या अंड्यांतून निघालेल्या डासांवरच पुढचे प्रयोग उभे राहिले.

सुरुवातीला या पथकाचेही प्रयत्न फसले. कारण तेच, डासाला पुरेसा वेळ दिला गेला नव्हता. मात्र अमेरिकेतील डॉक्टर हेन्री कार्टर यांची एक नोंद त्यांच्या हाताशी होती. मिसिसिपीतील खेड्यांत पहिला रुग्ण आणि त्याच्यापासून लागण झालेले पुढचे रुग्ण यांच्यात दोन ते तीन आठवड्यांचे अंतर असते, हे कार्टर यांनी मोजले होते. २७ ऑगस्टला कॅरोल यांनी स्वतःला डास चावू दिला. त्या डासाने रुग्णाचे रक्त प्यायल्याला बारा दिवस झाले होते. कॅरोल मरणाच्या दारातून परतले. लझीर यांना मात्र पीतज्वराने गाठले आणि २५ सप्टेंबरला त्यांचा मृत्यू झाला.

त्यानंतर रीड यांनी हवानाबाहेर लझीर यांच्या नावाने छावणी उभारली. स्वयंसेवकांना आधी विलगीकरणात ठेवले, म्हणजे बाहेरची लागण नाही याची खात्री झाली. दोन खोल्या बांधल्या. एकीत रुग्णांची घाण झालेली अंथरुणे आणि कपडे ठेवले. तिथे माणसे वीस रात्री झोपली, पण कोणी आजारी पडले नाही. दुसरी खोली स्वच्छ होती. मध्ये तारेची जाळी, एका बाजूला डास सोडलेले. डासांच्या बाजूचा माणूस आजारी पडला, जाळीपलीकडचे ठणठणीत राहिले. फिनले यांच्या प्रयोगांत जी तुलना नव्हती, ती इथे मिळाली.

या स्वयंसेवकांत अमेरिकी सैनिकांसोबत स्पेनहून आलेले गरीब मजूरही होते. त्यांना शंभर डॉलर आणि आजारी पडल्यास आणखी शंभर डॉलर देण्याचे ठरले होते. त्यांच्याकडून स्पॅनिश भाषेतील लेखी संमतीपत्र घेतले गेले. वैद्यकीय प्रयोगांतील लेखी संमतीचे हे सुरुवातीचे उदाहरण मानले जाते.

शोधाचा फायदा किती झाला?

परिणाम लगेच दिसले. अमेरिकी लष्करी डॉक्टर विल्यम गॉर्गस यांनी १९०१ मध्ये हवानात डासांविरुद्ध मोहीम काढली. पाण्याची पिंपे झाकली, साचलेले पाणी काढले, पाण्यावर रॉकेल ओतले, रुग्णांच्या खोल्यांना जाळ्या लावल्या. हवानात १९०० मध्ये पीतज्वराने तीनशेहून अधिक मृत्यू झाले होते. १९०१ मध्ये हा आकडा २०च्या आत आला आणि १९०२ मध्ये एकही मृत्यू झाला नाही.

हाच प्रयोग पुढे पनामात झाला. १८८० च्या दशकात फ्रेंचांनी पनामा कालवा खणायला घेतला, तेव्हा पीतज्वर आणि मलेरियासह विविध रोगांनी सुमारे २० हजार माणसे गेल्याचा अंदाज आहे. काम सोडून द्यावे लागले. १९०४ मध्ये अमेरिकेने ते हाती घेतले आणि गॉर्गस यांनी तिथेही डासांचा बंदोबस्त केला. १९१४ मध्ये कालवा खुला झाला. विचित्र योगायोग असा की ज्या १८८१ मध्ये फिनले यांचा निबंध हवानात वाचला गेला, त्याच वर्षी फ्रेंचांनी कालव्याचे काम सुरू केले होते. तो निबंध कोणी गांभीर्याने घेतला असता तर?

श्रेयाचा वाद नेमका काय?

रीड यांनी आपल्या पहिल्या अहवालात फिनले यांचा सिद्धांत, त्यांचे निबंध आणि डासाची अंडी यांचा उल्लेख केला होता. क्युबातील अमेरिकी गव्हर्नर लिओनार्ड वूड हे स्वतः डॉक्टर. त्यांनीही फिनले यांची जाहीर प्रशंसा केली. त्यामुळे श्रेय सरळ चोरले गेले असे म्हणता येणार नाही. ते हळूहळू झिरपून दुसरीकडे गेले. १९०२ मध्ये रीड यांचे निधन झाले. वॉशिंग्टनमधील प्रसिद्ध लष्करी रुग्णालयाला त्यांचे नाव मिळाले. अमेरिकेतील लोकप्रिय कथनात पीतज्वरावर विजय मिळवणारे डॉक्टर म्हणजे रीड, असे समीकरण पक्के झाले. फिनले उरले ते एक अंदाज बरोबर आलेले वृद्ध गृहस्थ म्हणून.

क्युबासाठी हा मुद्दा फक्त मानाचा नव्हता. १९०२ मध्ये क्युबा स्वतंत्र झाला, पण त्याच्या राज्यघटनेत अमेरिकेने ‘प्लॅट दुरुस्ती’ घालायला लावली. तिच्यानुसार क्युबात हस्तक्षेप करण्याचा हक्क अमेरिकेला मिळाला. शहरांची स्वच्छता राखून साथी रोखण्याचे बंधनही त्यात क्युबावर घातले होते. म्हणजे पीतज्वर परत आला, तर त्याची किंमत राजकीय असणार होती. आम्ही तुमचा रोग घालवला, हे अमेरिकेचे कथन आणि हा हक्क यांचा थेट संबंध होता. अशा वेळी नव्या प्रजासत्ताकाच्या आरोग्य खात्याचे प्रमुख झाले फिनले. १९०५ मध्ये हवानात पीतज्वराने पुन्हा डोके वर काढले. सत्तरी ओलांडलेल्या फिनले यांच्या खात्याला ती लढाई पुन्हा लढावी लागली. याच पदावर असताना नवजात बाळांमधील धनुर्वात रोखण्यासाठी नाळेला निर्जंतुक पट्टी वापरण्याचा आग्रहही त्यांनी धरला.

नोबेल का मिळाले नाही?

फिनले यांचे नाव नोबेलसाठी अनेकदा सुचवले गेले. १९०५ मध्ये ते सुचवणारे होते रोनाल्ड रॉस, ज्यांना मलेरियावरील कामासाठी १९०२ मध्येच नोबेल मिळाले होते. डास आणि रोग यांच्या नात्यावर आयुष्य घालवलेल्या एका संशोधकाने दुसऱ्याची बाजू मांडली, तरी पुरस्कार मिळाला नाही. ऑगस्ट १९१५ मध्ये हवानात फिनले यांचे निधन झाले. पीतज्वराचा विषाणू १९२७ मध्ये वेगळा करता आला. लशीसाठी मॅक्स थायलर यांना १९५१ मध्ये नोबेल मिळाले.

उशिराने काही दखल घेतली गेली. त्यांचा जन्मदिवस, ३ डिसेंबर, लॅटिन अमेरिकेत वैद्यक दिन म्हणून पाळला जातो. सूक्ष्मजीवशास्त्रातील कामासाठी युनेस्को त्यांच्या नावाने पुरस्कार देते. जिथे त्यांचा निबंध शांततेत विरला, ती हवानातील अकादमीची इमारत आज त्यांच्या नावाचे विज्ञान संग्रहालय आहे.

फिनले यांच्या गोष्टीत खलनायक शोधण्याची गरज नाही. कोणत्या कीटकाकडे पाहायचे हे फिनले यांनी सांगितले, किती दिवस थांबायचे हे कार्टर यांनी, आणि शंका उरणार नाही असा प्रयोग रीड यांच्या पथकाने उभा केला. तिन्ही पायऱ्या लागल्या, लझीर यांचा जीवही गेला. पण पुढे हा इतिहास सांगताना तिसरी पायरी तेवढी लक्षात राहिली. पहिल्या पायरीवरचा माणूस वसाहतीतला होता, स्पॅनिशमध्ये लिहीत होता आणि अडखळत बोलत होता. जगाने त्याचे ऐकायला १९ वर्षे घेतली.